पर्णिकिडी कुलाबद्दल अपील

बाईंचं कुल रद्द झाल्याचं मला कळलं, तेव्हा बाईंना जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. पत्र 'जीवनोंद' या सरकारी यंत्राचं, त्यांच्याच नावानं, त्यांच्याच फोनवर आलं. 'आदरणीय डॉ. वृंदा तोडणकर, आपण स्थापन केलेलं पर्णिकिडी हे कुल आज पहाटेच्या पुनर्मांडणीत स्टायलोकिडी कुलात विलीन करण्यात आलं आहे. आपल्या योगदानाबद्दल आभार.' खाली एक हसरा मासा होता. या यंत्राला जगातला प्रत्येक चपटकृमी माहीत आहे म्हणतात. ज्या माणसाला पत्र लिहितं तो जिवंत आहे की नाही, एवढं त्याला माहीत नव्हतं.

मी त्यांचा नवरा, शशिकांत तोडणकर. बारावी नापास. समुद्रजीव केंद्रात परिचर होतो. बाई तिथे शास्त्रज्ञ होत्या. पहिल्या दिवशी मी त्यांना 'बाई' म्हटलं, आणि लग्न झाल्यावरही ते सुटलं नाही. त्याही मला शेवटपर्यंत 'तोडणकर' म्हणत. दवाखान्यात त्यांचं शेवटचं वाक्य 'तोडणकर, खिडकी लावा' असं होतं. मी लावली.

आता हे चपटकृमी म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांनी त्यांच्यावर कायदे केले त्यांतल्या दहा जणांनाही ते माहीत नसावं. समुद्रात खडकाखाली पानासारखा पातळ एक जीव असतो. हाडं नाहीत, रक्त नाही, श्वास कातडीतून. तोंड पोटाच्या मध्यावर, आणि खाल्लेलं बाहेर टाकायलाही तेच तोंड. नर आणि मादी दोन्ही एकाच शरीरात. वरून पाहिलं तर दोन वेगळ्या कुलांतले, म्हणजे जातींच्या दोन वेगळ्या घराण्यांतले, जीव हुबेहूब सारखे दिसू शकतात. म्हणून जुन्या पद्धतीत ते कापून पाहावे लागत. जीव मेणात बसवायचा आणि मायक्रोटोमवर केसाच्या दहाव्या भागाइतके पातळ काप काढायचे. काप एकाला एक चिकटून पट्टी तयार होते. ती पट्टी काचेवर ओळीनं लावायची, रंगवायची, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक काप बघत जायचं, म्हणजे आतली नळी कुठून कुठे जाते ते कळतं. त्या नळीवर पिशवी आधी की ग्रंथी आधी, यावर जात ठरते, कधी कधी कुलही. कापायचं काम माझं होतं, बघायचं बाईंचं.

'जीवनोंद' आली आणि हे सगळं संपलं. आता प्रत्येक खाडीत एक पिवळा तरंगता डबा आहे. तो दर तासाला वाटीभर पाणी आत घेतो. पाण्यात प्रत्येक जिवाची कातडी, चिकटा, विष्ठा असते, त्यातलं डीएनए डबा वाचतो आणि कोणाचं नातं कोणाशी ते ठरवतो. सगळ्या किनाऱ्यांवरची माहिती गोळा होऊन रोज पहाटे नात्यांचं झाड नव्यानं मांडलं जातं. कुलं जुळतात, तुटतात. माणसाला कोणी विचारत नाही. इथपर्यंतही माझं काही म्हणणं नव्हतं. पण सरकारनं त्या झाडाला कायदे बांधले. स्टायलोकिडी कुलातले काही कृमी कालवं खातात हे खरं आहे. म्हणून ते अख्खं कुल उपद्रवी यादीत घातलं. डब्याला त्या कुलाचा जीव सापडला की खाडीत कृमिनाशक सुटतं आणि हातानं कालवं काढायला बंदी येते. पिंजऱ्यात कालवं वाढवणारी कंपनी आपले पिंजरे उचलून नेते, तिला काही होत नाही.

बाईंचा कृमी आमच्या आचऱ्याच्या खाडीतला. कालवं काढणाऱ्या बायका त्याला जीभ म्हणतात, कारण तो तसाच दिसतो. त्या पहाटेपर्यंत जीभ पर्णिकिडी होती. आता ती स्टायलोकिडी झाली, म्हणजे उपद्रवी झाली.

त्याच दुपारी सुगंधा आली. सुगंधा गेली चाळीस वर्षं खाडीतल्या खडपावर, म्हणजे खडकांवर, कालवं काढते. गुडघ्यापर्यंत चिखल तसाच घेऊन ती माझ्या ओटीवर बसली.

"तोडणकरानू, बोर्ड लावल्यानी हत."

"कसलो?"

"आमका खाडयेत उतराक बंदी म्हणान. जीभ कालवां खाता म्हणे. मेल्यांनी कधी जीभ बघल्यानी तरी काय? मी चाळीस वर्सां खडपार बसतंय. जिभेन कालव खाल्लेला मिया कधी बघूक नाय."

"मग काय खाता ती?"

"ता माका काय म्हायत! मी तिच्या पंगतीक बसलंय काय?" ती हसली. "तुमच्या बायन तिका वेगळा नाव दिल्यान हुता ना? मगे?"

नाव दिलं होतं ते यंत्रानं काढून घेतलं, असं मी तिला सांगितलं.

"मगे परत दिया," ती म्हणाली. जसं काही नाव सुपातच पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओरोसला गेलो. तिथे जीवनोंदीचं जिल्हा कार्यालय आहे. प्रमुख निहार सामंत. हा दोन वर्षं आमच्या केंद्रात होता. तेव्हा कृमीचं पुढचं टोक कुठलं हे तो मला विचारायचा. आता त्याच्या टेबलावर तीन पडदे आहेत आणि खोलीत एकही सूक्ष्मदर्शक नाही.

"काका, बसा ना. मॅडमचं फार वाईट झालं. मी यायलाच हवं होतं."

"यायला हवं होतंस."

"काका, खरं सांगतो, मलाही धक्का बसला. माझ्या दोन जाती त्याच कुलात होत्या. पीएचडीच्या."

ते मला माहीत होतं. बाईंनी एका जातीवर ते कुल उभं केलं होतं. नंतर जगभरच्या लोकांनी त्यात आणखी सात जाती घातल्या, रंग आणि डोळ्यांचे ठिपके बघून. एकानंही कापून पाहिलं नाही. निहारचा प्रबंध आला तेव्हा बाईंनी त्याला एका ओळीचं पत्र पाठवलं होतं: 'कापून पाहिलंत का?' त्याचं उत्तर आलं नाही. मला तेव्हा वाटलं, बाई उगाच खोडी काढतायत.

"अपील करता येतं," निहार म्हणाला. "मूळ नमुना वाचून घ्यायचा."

"तो फॉर्मॅलिनमध्ये होता. त्याचं डीएनए तुकडे तुकडे झालंय. तुझं यंत्र काय वाचणार?"

"म्हणून तर दुसरं कलम आहे. वाचता न येणाऱ्या नमुन्यांसाठी शरीररचनेचा पुरावा. आतल्या अवयवांचा क्रम वेगळा आहे असं काचांवरून दिसलं, तर कुल स्वतंत्र राहतं. आणि पर्णिकिडीचा क्रम वेगळा आहेच ना? ग्रंथी आधी, पिशवी नंतर. बाकी सगळ्यांत उलटं. तुम्ही फक्त काचा स्कॅन करून पाठवा. तीस दिवस आहेत."

"जीभ कालवं खात नाही, हे कुठे लिहायचं?"

त्यानं पडद्यावर अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला. मनापासून पाहिला, एवढं श्रेय त्याला देतो. "खाण्याचा रकाना नाहीये, काका."

"उपद्रव खाण्याचा, आणि खाण्याचा रकाना नाही?"

"कुल ठरलं की खाणं आपोआप ठरतं ना."

मी उठलो. जो माणूस असं बोलतो त्याच्याशी वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं. पण बाईंचं नाव टिकायला आणि सुगंधाची खाडी उघडायला एकच रस्ता होता, आणि तो माझ्या कपाटात होता.

केंद्र बंद झालं तेव्हा काचांच्या पेट्या भंगारात निघाल्या होत्या. मी त्या सायकलवरून घरी आणल्या. जिभेची पेटी अकराव्या क्रमांकाची. एकूण एकवीस काचा. मी त्या सकाळी खिडकीपाशी घेऊन बसलो. जांभळा आणि गुलाबी रंग छत्तीस वर्षांनीही तसाच होता. माझ्या हाताचं काम चांगलं होतं, हे मी सांगायला हरकत नाही. स्कॅनर भाड्यानं आणला होता. एक, दोन, तीन करत आठपर्यंत गेलो.

नवव्या काचेवर थांबलो. या काचेवर कापांच्या दोन ओळी आहेत. पिशवी आणि ग्रंथी दोन्ही याच काचेवर येतात, म्हणजे अख्खं कुल या एका काचेवर उभं आहे. वरच्या ओळीची सुरुवात अर्ध्या कापानं होते. एक काप मधोमध फाटलेला, त्याचा फक्त उजवा अर्धा. मी ओळ सरकवत गेलो. मग खालची ओळ. तिच्या शेवटी पुन्हा अर्धा काप, डावा. दोन अर्धे एकमेकांत बसत होते. फाटलेली कड दातेरी होती आणि दात दाताला जुळत होता.

मी स्कॅनर बंद केला.

पट्टी काचेवर लावताना तुटली होती. तुटली की दोन तुकडे पाण्यात तरंगतात, आणि आधीचा कुठला, नंतरचा कुठला हे लगेच ठरवून ओल्या कुंचल्यानं उचलावं लागतं. मी नंतरचा तुकडा वर लावला होता आणि आधीचा खाली. वरची ओळ आधी वाचायची म्हणून ग्रंथी आधी आली, पिशवी नंतर. खालची ओळ आधी वाचली तर पिशवी आधी, ग्रंथी नंतर, जशी सगळ्या स्टायलोकिडीत असते. जोडावर नळी जुळत नव्हती, तिथे बाईंनी लेखात लिहिलं होतं: 'नळी येथे एकदम वळते.' ती वळत नव्हती.

तो दिवस मला आठवतो. मुंबईहून कोणी साहेब पाहणीला आले होते. घामाघूम झाले म्हणून त्यांनी पंखा लावला. पट्टी काढताना खोलीत कोणी शिंकतसुद्धा नाही, पण साहेबाला कोण सांगणार? पट्टी उडाली आणि तुटली. मी तुकडे उचलले, लावले, आणि साहेबांना चहा विचारायला गेलो. पंखा त्यानं लावला, पण ओळी मी लावल्या. त्यानंतर साठ देशांच्या पुस्तकांत एक कुल छापलं गेलं, ते माझ्या चहाच्या घाईनं.

मग मी काचेची चिठ्ठी पाहिली. बाकी वीस काचांवर जुन्या पिवळट चिठ्ठ्या होत्या. नवव्या काचेची चिठ्ठी हिरव्या काठाची होती. हिरव्या काठाच्या चिठ्ठ्या केंद्रात फक्त २०२२ साली होत्या, मला पक्कं आठवतं, कारण मीच त्या कोल्हापुरातून आणल्या होत्या. म्हणजे कुल छापल्यावर सहा वर्षांनी बाईंनी ही एक चिठ्ठी बदलली होती. चिठ्ठीवर पेन्सिलनं, त्यांच्या बारीक अक्षरात, वरच्या ओळीसमोर 'दोन' लिहिलं होतं आणि खालच्या ओळीसमोर 'एक'.

त्यांना कळलं होतं.

२०२२ साली केंद्रात आपोआप काप काढणारं मशीन येणार होतं आणि माझी जागा रद्द होणार होती. बाईंनी वर अहवाल पाठवला होता की तोडणकरांच्या हाताला पर्याय नाही. त्या अहवालावर माझी नोकरी आणखी चौदा वर्षं टिकली. तोच हात चुकला होता हे ज्या महिन्यात त्यांना कळलं, बहुतेक त्याच महिन्यात त्यांनी तो लिहिला. पुढे अठ्ठावीस वर्षं त्या माझ्यासमोर बसून जेवल्या आणि बोलल्या नाहीत. लोक याला प्रेम म्हणतील. मला त्याचा राग आला. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच आठवड्यात काच नव्यानं लावली असती. दया करायला मी काय लंगडा कुत्रा होतो? आणि स्वतःच्या नावावर एक खोटं कुल अठ्ठावीस वर्षं वागवायची ही कुठली बाई! त्यांनी त्यानंतर एकही नवीन कुल केलं नाही. वय झालं म्हणून, असं मी समजत होतो.

मी निहारला फोन केला आणि सगळं सांगितलं. फोनवर दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काका, हे अजून कोणाला सांगितलंत?"

"तुलाच."

"मग नका सांगू. काचा क्रमांकाप्रमाणे स्कॅन करा आणि पाठवा. ओळीचा क्रम यंत्र विचारत नाही, वरून खाली वाचतं. तुम्ही काही खोटं करत नाही आहात. जसं आहे तसं पाठवताय."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठीचा भाग स्कॅनमध्ये येतच नाही. काका, मॅडमच्या नावाचा विचार करा."

"मॅडमच्या, की तुझ्या दोन जातींचा?"

"दोन्हींचा केला तर बिघडलं कुठे? आणि त्या बायकांचं काय? त्यांची खाडी उघडेल."

त्याच्या तोंडून बायकांचं नाव तेव्हा पहिल्यांदा आलं.

सुगंधाला मी तिच्या दारात जाऊन सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. ती कोयत्याची मूठ तारेनं बांधत होती, ते थांबवलं नाही.

"म्हंजे काच तशीच ऱ्हवली तर खाडी उघडतली?"

"होय."

"आणि तुमी सरळ केलात तर बंद?"

"होय."

"मगे उलटीच ऱ्हवांदे. कोण बघूक येता?"

"बाईन बघल्यान."

"ती बघान गप ऱ्हवली ना? बायल शाणी हुती. तुमी खयचे एवडे हरिश्चंद्र लागान गेलास?"

मी हरिश्चंद्र नाही. केंद्राच्या साठ्याच्या वहीत मी मोजल्याशिवाय बरणीमागून बरणी बरोबर असल्याच्या सह्या केल्या आहेत. पण ही काच मला पाठवता येईना. ज्या यंत्राला वरून खालीच वाचता येतं, त्याला फसवून बाईंचं नाव टिकवायचं, म्हणजे बाई त्या यंत्राच्या आणि निहारच्या पंगतीला बसल्या. कुल मारायचंच असेल तर चूक ज्यानं केली त्यानं मारावं. हे मी सुगंधाला माझ्या परीनं सांगितलं.

"तुमचा खरा तुमकाच ऱ्हवांदे," ती म्हणाली. "आमी काय ता उकडून खावक व्हया?"

तिच्या घरात चार माणसं कालवांवर जेवतात. उत्तर द्यायची मला लाज वाटली, मी परत फिरलो.

एकोणतिसाव्या दिवशी मी अपील भरलं. एकवीस काचा स्कॅन केल्या, नवव्या काचेच्या ओळी योग्य क्रमानं लावून. सोबत लिहिलं: 'पर्णिकिडी हे कुल अस्तित्वात नव्हतं. काच क्रमांक नऊवरच्या ओळी मी, शशिकांत तोडणकर, याने चुकीच्या क्रमानं लावल्या. डॉ. वृंदा तोडणकर यांनी ही चूक शोधून चिठ्ठीवर दुरुस्त केली होती. चिठ्ठीचा फोटो जोडला आहे. जीभ या कृमीला उपद्रवी ठरवण्याआधी तो काय खातो ते कोणीतरी पाहावं.' शेवटच्या वाक्याला रकाना नव्हता, म्हणून ते 'इतर भाषांतील नाव' या रकान्यात घातलं.

सात मिनिटांत उत्तर आलं. 'आपलं अपील मान्य. विलीनीकरण कायम. इतर भाषांतील नाव नोंदवलं आहे.' आणि तो मासा.

आता जीवनोंदीत कोणीही जाऊन पाहावं. त्या कृमीचं मराठी नाव म्हणून माझं ते अख्खं वाक्य छापलेलं आहे. महिना होत आला, एकाही शास्त्रज्ञाच्या ते लक्षात आलेलं नाही. निहारनं मात्र रजा टाकली आहे. त्याच्या दोन जाती कोणीतरी आता कापून पाहणार आहे म्हणे.

मग मी उपद्रवाचे मूळ नियम वाचले. सत्तर पानं. कोणीच वाचत नाही, म्हणून बावन्नाव्या पानावर काय आहे ते निहारलाही माहीत नव्हतं. एखादी जात कुलापेक्षा वेगळं खाते असं दहा जिवांवर नव्वद दिवस पाहून सिद्ध झालं, तर ती एक जात यादीतून निघते. पाहणाऱ्याला पदवी लागते असं कुठे लिहिलेलं नाही. ती अट घालायला विसरले असावेत.

मी मागच्या पडवीत काचेच्या टाक्या मांडल्या. मोठ्या ओहोटीला खडपावर गेलो. बंदी कालवं काढायला आहे, कृमी धरायला नाही. बायका काठावर माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तीन तास दगड उलटले. कृमिनाशकानं अर्धी खाडी गुळगुळीत झाली आहे. शेवटी एका कपारीत एक जीभ मिळाली, रुपयाएवढी, तपकिरी. मी ती डब्यात घेतली आणि वर आलो.

सुगंधा उठून आली. डब्यात डोकावली.

"येकच?"

"येकच."

"तुमका दगड उलटूक येयत नाय. तुमी कड्येन धरतास," ती म्हणाली, आणि परत जाऊन बसली.

टाकीत मी जिभेसोबत बाजारातून विकत आणलेली चार जिवंत कालवं ठेवली आहेत, आणि खडकावरची शेवाळासारखी मऊ जनावरं थोडी. आज एकोणीस दिवस झाले. चारही कालवं शाबूत आहेत. मऊ जनावरं कमी होत चालली आहेत. रोज सकाळी मी तारीख घालून लिहितो, आणि प्रत्येक कालव उघडमीट करतं की नाही ते बघतो. एका जिवावर काही सिद्ध होत नाही. एका जिवावर आम्ही एकदा अख्खं कुल उभं केलं होतं.

या जिभेचे एकाहत्तर दिवस राहिले आहेत. नऊ जिभा अजून सापडायच्या आहेत.